सव्वा महिना संपला, आता आईची साखर तपासा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दर वर्षी १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, ठाण्यात तलावपाळीला किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या सेक्टरच्या उद्यानात टेबल मांडलं जातं. सकाळी फिरायला आलेल्यांच्या बोटाला सुई टोचून साखर सांगितली जाते. रांगेत बहुतेक पन्नाशीपुढची मंडळी असतात. गरोदरपणात जिची साखर वाढली होती ती बाई त्या वेळी घरात बाळाला पाजत बसलेली असते, आणि ‘बाळंतपण झालं, साखर गेली’ असं तिला सगळ्यांनी सांगितलेलं असतं. या एका वाक्यामुळे बरंच नुकसान होतं. त्यावरच हे पत्र आहे. थोडं लांबलं आहे, पण त्यातले आकडे घराघरांत उपयोगी पडतील म्हणून ते गाळले नाहीत.

साखर खाली येते हे खरं आहे. गरोदरपणात वारेतून जी संप्रेरकं आईच्या रक्तात येतात, ती इन्सुलिनचा परिणाम बोथट करतात. आईच्या स्वादुपिंडाला मग जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. ज्यांच्या स्वादुपिंडात तेवढी ताकद शिल्लक नसते, त्यांची साखर चढते. वार पडली की संप्रेरकं थांबतात आणि बहुतेकींची साखर थोड्या दिवसांत उतरते. पण स्वादुपिंडाची ताकद आधीच कमी होती, आणि ती तशीच राहते. गरोदरपणाने तिची तोंडी परीक्षा घेतली, एवढंच. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर अशा स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सात ते दहा पट दिसतो. त्याची पहिली चाहूल लागण्याची जागा म्हणजे बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्यातली तपासणी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही ती आहे. तरी ती सर्रास राहून जाते.

ती तपासणी कशी करायची आणि कुठे बिघडते, हे आधी सांगतो.

रात्रीचं जेवण नेहमीसारखं करायचं, कमी नाही की जास्त नाही. त्यानंतर निदान आठ तास काही खायचं नाही. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. सकाळी पहिला रक्तनमुना द्यायचा. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. मळमळत असेल तर लिंबाचे चार थेंब पिळले तरी चालतात. प्यायला सुरुवात केल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरा नमुना द्यायचा. मधल्या वेळेत बसून राहायचं. खाली जाऊन भाजी घेऊन यायची नाही, जिने चढायचे नाहीत, कारण चालण्याने साखर खाली येते आणि आकडा खोटा चांगला दिसतो. बाळ रडलं तर त्याला जरूर पाजावं. तपासणीसाठी बाळाला उपाशी ठेवायचं नाही. शक्यतो पहिल्या नमुन्याआधी पोटभर पाजून घ्यावं, आणि मध्ये पाजलं तर तसं तंत्रज्ञाला सांगून कागदावर लिहून घ्यावं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवसाची तपासणी रद्द समजावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त उपाशीपोटीची साखर पाहून ‘नॉर्मल’ म्हणणं. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांची साखर आधी जेवणानंतर बिघडते आणि उपाशीपोटी बरीच वर्षं सरळ दिसते, त्यामुळे दोन तासांचा नमुना टाळला की नेमकं जे शोधायचं तेच निसटतं. दुसरी चूक एचबीए१सी या, मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर विसंबण्याची. ती एरवी चांगली, पण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, कधी रक्त चढवलेलं असतं, कित्येकींना लोहाची कमतरता असते. या सगळ्यांनी तो आकडा वर-खाली होतो. पहिल्या तीन महिन्यांत तरी त्यावरून निकाल काढू नये. तिसरी चूक ग्लुकोजच्या वजनाची. पाणीविरहित ग्लुकोज असेल तर ७५ ग्रॅम घ्यायचं, मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेल्या) प्रकारचं असेल तर ८२.५ ग्रॅम. वाण्याकडच्या डब्यातून चार चमचे अंदाजाने घालणं म्हणजे तपासणी न करणंच. चौथी चूक घरी येऊन रक्त नेणाऱ्यांच्या बाबतीत होते. नमुना राखाडी टोपीच्या, फ्लोराइड घातलेल्या नळीत घ्यायला हवा. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि घोडबंदर रोडच्या वाहतुकीत अडकलेल्या पिशवीतली साखर तासागणिक घसरते. टोपीचा रंग विचारायला लाजू नये.

आता आकडे, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. उपाशीपोटी १००च्या आत आणि दोन तासांनी १४०च्या आत असेल तर आज सगळं ठीक आहे. वर्षातून एकदा तपासणी करत राहायचं, तेही आयुष्यभर. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ ही सीमेवरची साखर. काही डॉक्टर उपाशीपोटीची सीमा ११० पासून धरतात, त्यामुळे दोन दवाखान्यांत दोन उत्तरं आली तर गोंधळू नये. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० आणि त्यापुढे गेली तर मधुमेह. त्रास काहीच नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीने खात्री करून मगच तसं नाव द्यायचं. खूप तहान, सारखी लघवी, पुन्हा पुन्हा खाज येऊन पांढरं जाणं किंवा सिझेरियनची जखम न भरणं यांतलं काही असेल, तर सहाव्या आठवड्याची वाट पाहायची नाही.

मग ही तपासणी होत का नाही? बायका बेफिकीर असतात म्हणून नक्कीच नाही. ठाण्यात नाव घातलेली बाई बाळंतपणाला माहेरी रायगडला किंवा साताऱ्याला जाते. गरोदरपणाची फाइल इथे, बाळंतपणाचे कागद तिथे, आणि ‘साखर होती’ ही ओळ दोन्हींच्या मधे हरवते. घरी सोडतानाच्या कागदावर टाके, रक्तस्राव, बाळाचं वजन सगळं असतं. सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी, अमुक तारखेला, असं मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. त्यानंतर आई दवाखान्यात जाते ती बाळासाठी. बाळाचे डॉक्टर बाळाला पाहतात, ते त्यांचं काम. आईला विचारणारं त्या खोलीत कोणीच नसतं.

आणि इथेच सोपा मार्ग आहे. बाळाची दीड महिन्याची लस सहाव्या आठवड्यात असते. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, पीसीव्ही या सगळ्यांसाठी आई बाळाला घेऊन येतेच. दुसरं काही चुकेल, पण ही तारीख घरची आजी चुकू देत नाही. आशाताईंची घरभेटही ४२व्या दिवशी ठरलेली आहे. आपल्या घरांतला सव्वा महिनाही त्याच सुमारास संपतो, बाळंतीण न्हाऊन-माखून बाहेर पडते. सरकारी वेळापत्रक आणि आजीचं पंचांग इतकं जुळणारी गोष्ट दुसरी सापडायची नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या आरोग्य केंद्रांत लसीच्या दिवशीच ही तपासणी ठेवावी, अशी आमची मागणी आहे. पहिला नमुना साडेनऊला, लगेच ग्लुकोज, मग बाळाची लस, लसीनंतर अर्धा तास तसंही थांबवून ठेवतात, दुसरा नमुना साडेअकराला. तोवर बाकीच्या नोंदी उरकतात. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे प्लाझ्माप्रमाणे आकडा देणाऱ्या ग्लुकोमीटरवर काम भागतं; गरोदरपणातली चाचणी आजही अशीच होते. वेगळं शिबिर, वेगळा मंडप, उद्घाटन, काही लागत नाही. आईला बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि पाजायला आडोसा लागतो, आणि हे दोन्ही मिळवणं ग्लुकोजपेक्षा अवघड आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

आता घरातल्या स्वयंपाकघराकडे वळू. बिघडायला सुरुवात इथे होते आणि दुरुस्तीही इथेच होते.

बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायचे, यात चूक काही नाही. चूक हिशेबाची आहे. साधारण ४० ग्रॅमच्या लाडवात १२ ग्रॅम गूळ, १० ग्रॅम तूप, ६ ग्रॅम खोबरं आणि उरलेलं डिंक, खारीक, बदाम धरले, तर एका लाडवाच्या २०० ते २२० कॅलरी होतात. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये ठरवल्याप्रमाणे फक्त अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक असे तीन लाडू झाले की हे सगळे ६०० तिथेच संपले. वर शिरा, आळिवाची खीर, खसखशीची खीर, तुपाची धार आणि दर फेरीला साखरेचा चहा, हे सगळं पोटाच्या घेराकडे जातं. गूळ साखरेपेक्षा ‘चांगला’ म्हणून हात सैल सोडला जातो; १० ग्रॅम गुळात ९ ग्रॅमच्या आसपास साखरच असते आणि रक्तात ती तितक्याच वेगाने उतरते. शतावरी कल्पाचं तसंच. कल्पात सगळ्यात मोठा वाटा साखरेचा असतो, तो दुधात दोन-दोन चमचे घालणं म्हणजे गोड दूध पिणं. शतावरी घ्यायचीच असेल तर वैद्यांना विचारून साधं चूर्ण घ्यावं. आईसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पावडरींतही साखर घातलेली असते. डब्यामागचा तक्ता वाचावा.

लाडू बंद करा असं सांगितलं की घरात कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. लाडू बदला. १०० ग्रॅम सुकं खोबरं किसून भाजून घ्या आणि गरम असतानाच ५० ग्रॅम भाजलेल्या बदामांबरोबर मिक्सरमधून फिरवा, म्हणजे तेल सुटतं. २५ ग्रॅम डिंक बारीक कुटून ५० ग्रॅम तुपात मंद आचेवर फुलवा. मोठे खडे टाकले तर आतून कच्चे राहतात आणि दाताला चिकटतात. त्यात २५ ग्रॅम भाजलेला आळीव, १० ग्रॅम मेथीपूड, ५० ग्रॅम खारीकपूड, चवीला सुंठ आणि वेलची घाला. गूळ शून्य. खोबऱ्याच्या तेलावर आणि खारकेवर हे मिश्रण वळतं, हात मात्र गरम असतानाच चालवावा लागतो. लहान लिंबाएवढे, २० ग्रॅमचे १५ लाडू होतात. एकाच्या १२० कॅलरी होतात, साखर ३ ग्रॅमच्या आत. दिवसाला एक, फार तर दोन. आळिवाची खीर हवी असेल तर एक चमचा आळीव अर्धा कप दुधात दोन-तीन तास भिजवून, बदामाची भरड आणि वेलची घालून, गूळ न घालता. पहिले चार दिवस बेचव लागते.

आईची साखर वाढलेली असेल तर तिचं दूध बाळाला बाधतं, अशी एक भीती अजून ऐकू येते. अजिबात बाधत नाही. उलट जास्त काळ आणि जास्त प्रमाणात अंगावर पाजणाऱ्या अशा आयांमध्ये पुढच्या काही वर्षांत मधुमेह कमी आढळतो. इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन (साखर उतरवणारी गोळी) दोन्ही घेत असताना पाजता येतं. इन्सुलिन चालू असेल तर पाजताना साखर एकदम उतरू शकते, म्हणून आधी काहीतरी खाऊन घ्यावं आणि उशाशी खाणं ठेवावं.

दुधासाठी गोडापेक्षा प्रथिनं महत्त्वाची, आणि बाळंतिणीच्या ताटात कमी असतात ती हीच. ५५ किलोच्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला साधारण ६३ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी १२ ग्रॅम, पेलाभर दूध ६, दोन वाट्या डाळ किंवा उसळ १४, मूठभर शेंगदाणे ७, पोळ्या-भाकऱ्यांतून १२, आणि मासळीचा एक तुकडा १५; झालं. मासे न खाणारीने त्या जागी ५० ग्रॅम पनीर आणि आणखी एक वाटी उसळ धरावी. ठाणे-रायगड पट्ट्यात वालाचं बिरडं आहे, मुगाचं कढण आहे. ‘वातूळ’ म्हणून सगळी कडधान्यं तोडण्याचं कारण नाही, नीट भिजवून मोड आणून शिजवली की झालं. आगरी-कोळी घरांत मासळी रोजची, हे मोठं भाग्य. सुकट, जवळा मात्र दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा आणि वरून मीठ घालू नये, विशेषतः गरोदरपणात रक्तदाबही वाढला असेल तर.

त्याच घरांतली तांदळाची भाकरी हा अवघड विषय. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ, तंतू जवळजवळ नाहीत, साखर पटकन वर. दोन भाकऱ्या आणि वर भाताची वाटी असा बेत असेल तर एक भाकरी तांदळाची, दुसरी ज्वारीची किंवा नाचणीची, भात नाही. ताटाचा अर्धा भाग भाजीचा, पाव भाग डाळ-उसळ-मासळीचा आणि उरलेला पाव भाग धान्याचा, हे डोळ्यांनी मोजता येतं. भाजी म्हणजे बटाटा नव्हे. पावसाळ्यात येऊरच्या आदिवासी बायका टाकळा, फोडशी, कुरडू घेऊन बाजारात बसतात, त्या महिन्यांत तरी ताटातला अर्धा भाग रिकामा राहू नये. आधी भाजी-डाळ, मग भाकरी-भात अशा क्रमाने खाल्लं तरी जेवणानंतरची उसळी थोडी कमी होते. पोह्यांत मोड आलेली मटकी किंवा मटार आणि शेंगदाणे बरोबरीने घालावेत. मिसळीचं म्हणाल तर ठाणेकरांनी निराश होऊ नये: मटकीची उसळ उत्तमच, फरसाण मूठभर नको, तर्री थोडी आणि पाव एकच. फळ अख्खं खावं, रस नको. हापूसच्या दिवसांत अर्धा आंबा, तोही जेवणावर नाही, मधल्या वेळी. पाजणाऱ्या आईने उपासाला सुट्टी द्यावी; साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच.

पण आहार खरा मोडतो तो रात्री. दीड वाजता बाळ पाजून झालं की पोटात कावळे ओरडतात, आणि हाताशी असतो बिस्किटांचा पुडा. पुन्हा साडेतीनला तेच. सकाळी कोणाच्याच हिशेबात हा पुडा नसतो. उपाय साधा आहे: झोपण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी उशाशी झाकणाच्या डब्यात मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे, एक सोललेलं उकडलेलं अंडं आणि तांब्याभर पाणी ठेवावं. बिस्किटं, खारी, टोस्ट घरात आणूच नयेत, कारण रात्री तीन वाजता निर्धार कोणाचाच टिकत नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धतही सोडावी; दर वेळी पाजताना एक पेला प्यावं. चहाला एक चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप झाले की ४० ग्रॅम.

रात्रीचंच आणखी एक. सतत तुटणारी झोप भूक आणि साखर दोन्ही वाढवते. दहाचं पाजणं झाल्यावर बाळाला ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं बाबांनी किंवा आजीने घेतलं तर आईला सलग तीन-चार तास मिळतात. दूध काढून ठेवलं असेल तर खोलीत चार तासांच्या आत वापरावं, फ्रिजमध्ये ठेवलेलं दिवसभरात.

वजनाबद्दल घाई नको आणि दुर्लक्षही नको. पहिले सहा आठवडे काट्यावर उभं राहायची गरज नाही. नंतर आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरलं तर दुधावर परिणाम होत नाही. त्याहून जास्त उतरत असेल तर खाणं कमी पडतंय. गरोदरपणाआधीच्या वजनावर सहा ते बारा महिन्यांत यावं. आपल्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३च्या आत आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत, ही मोजमापं. आधीपासूनच वजन जास्त असेल तर आणखी ५ ते ७ टक्के उतरवायचं, म्हणजे ६८ किलोच्या बाईने साडेतीन ते पावणेपाच किलो. एवढ्यानेही साखरेत फरक पडतो. सहाव्या महिन्यानंतर बाळ वरचं खाऊ लागतं, आईची जादा गरज कमी होत जाते, पण ताट तेवढंच राहतं, आणि वजन गुपचूप चढतं ते याच काळात. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीला आईनेही काट्यावर उभं राहावं.

व्यायाम म्हटलं की कोणीतरी उपवन, कचराळी तलाव, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई किंवा खारघरचं सेंट्रल पार्क सुचवतं. तान्हं बाळ असलेल्या बाईला ते चंद्राइतकं लांब. तिने प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं घरातल्या घरात, गच्चीवर किंवा इमारतीच्या पॅसेजमध्ये चालावं. दिवसाचे तीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, १५० मिनिटं भरली. चाल इतकी असावी की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. साध्या बाळंतपणानंतर हे हळूहळू पहिल्या आठवड्यातच सुरू होतं. सिझेरियननंतर सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये, चालायला मात्र हरकत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी रोखताना आवळतो ते, पाच सेकंद आवळून पाच सेकंद सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. उताणं झोपून डोकं उचललं की बेंबीच्या वर दोन बोटांहून जास्त फट लागते का पाहावं. लागत असेल तर उताणं झोपून धड उचलण्यासारखे पोट आवळणारे व्यायाम करू नयेत, फिजिओथेरपिस्टला दाखवावं. पट्टा बांधून चरबी जात नाही, मालिशनेही नाही. दोन महिन्यांनंतर आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस दहा-दहाच्या तीन फेऱ्या, आणि भिंतीला हात लावून दंड दहा-दहाच्या दोन. रक्तातली साखर ओढून घेणारं सगळ्यात मोठं इंद्रिय म्हणजे स्नायू, म्हणून हे चालण्याइतकंच गरजेचं.

रजा संपून ऐरोली, महापे, तुर्भ्याला कामावर जाणाऱ्यांचं वेगळं. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोनदा पाजण्यासाठी सुट्टीचा हक्क कायद्यात आहे. दूध काढायलाही ती वापरावी. डबा दोन खणांचा न्यावा, दुसऱ्या खणात उसळ. ट्रान्स-हार्बर लोकलला उभ्याने प्रवास झाला तर तो वाया गेला असं समजू नये. बसून राहण्यापेक्षा तो बरा.

सगळं करूनही साखर सीमेवर राहिली, तर मेटफॉर्मिन घ्यावं लागणं म्हणजे हार नाही. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, आधी गरोदरपणातला मधुमेह झालेल्या आणि साखर सीमेवर असलेल्या स्त्रियांमध्ये काटेकोर जीवनशैली-बदलाने आणि मेटफॉर्मिनने, दोन्हींनी, सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. उलट भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेत झालेल्या, २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर वर्षभर गटसत्रं, फोन आणि संदेश यांनी फारसा फरक दिसला नाही. आम्हा सल्ला देणाऱ्यांना हे टोचणारं आहे. मोबाइलवर ‘गोड कमी खा’ पाठवून काही होत नाही. घरातलं एकच ताट बदलावं लागतं, आणि नवऱ्याचं, सासूचं ताट वेगळं असेल तर आईचं महिनाभरही टिकत नाही. बाळाचाही पुढे लठ्ठपणाचा, मधुमेहाचा धोका जास्त असतो, तेव्हा बाळाच्या खिमट-पेजेत दोन वर्षांचं होईपर्यंत साखर-गूळ नको.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच साखर तपासावी; साधारण निम्म्या जणींना ती पुन्हा वाढते. तोवर अंतर ठेवायला तांबीचा साखरेवर काही परिणाम नाही. पुन्हा दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ‘मागच्या वेळी साखर होती’ हे सांगावं, चोविसाव्या आठवड्याची वाट पाहू नये. रक्तदाब वर्षातून एकदा.

महापालिका जागी होईपर्यंत प्रत्येक घराला करता येण्याजोगं एक काम आहे. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर, बाळाच्या नावाशेजारी, लाल पेनाने लिहावं: ‘आई: गरोदरपणात साखर. ग्लुकोज चाचणी दि. ____’. तारीख दीड महिन्याच्या लसीची. त्या सकाळी केंद्रावर सोय नसेल तर आधी जवळच्या प्रयोगशाळेत, रिकाम्या पोटी. आणि संपादक महाशय, आपण लसीकरण सत्रांच्या तारखा छापता त्या चौकटीत एक ओळ वाढवता आली तर पाहा: ‘गरोदरपणात साखर वाढली होती? बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला येण्याआधी आईची उपाशीपोटी आणि दोन तासांनंतरची साखर तपासून घ्या.’ पाच सेंटिमीटर जागा पुरेल.

आपल्या,
बाळंतपणानंतरच्या आहार आणि तपासणीचं काम करणाऱ्या
आहारतज्ज्ञ व परिचारिका,
ठाणे आणि नवी मुंबई